हिरव्या पावडरीचं पेय पिऊन बघायचंय? मग असं बघा

सांगलीच्या आमराई बागेत सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या हातात हल्ली एक हिरवट पाण्याची बाटली हमखास दिसतीय, आणि काय आहे ओ हे म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, "मोरिंगा! सुपरफूड आहे, एकदम नॅचरल एनर्जी, दिवसभर थकवा म्हणून नाही." हा मोरिंगा म्हणजे शेवग्याचा वाळवलेला पाला, तोच शेवगा जो आपल्याकडं परड्यात उभा असतोय, ज्याच्या शेंगा आमटीत जातात आणि पाला शेळीपुढं. तर हे पेय चालू करायचं का, करायचं तर विकतचं का घरचं, आणि त्यानं खरंच फरक पडतोय का नाही हे आपलं आपण कसं ओळखायचं, एवढंच इथं लिहितोय. मी स्वतः पितो, आवडीनं पितो, पण डब्यावर जेवढं लिहिलेलं असतंय त्याच्या निम्मीसुद्धा अपेक्षा ठेवत नाही.

आधी एनर्जीचंच बघू, कारण सगळा घोळ तिथं आहे. शरीराला ताकद मिळते ती भाकरी, भात, गूळ, तेल, डाळ यातनं, म्हणजे कॅलरीतनं. आता अर्धा छोटा चमचा शेवगा पावडर म्हणजे साधारण सव्वा ग्रॅम, त्यात कॅलरी किती तर तीन-चार. तेवढ्या दोन-तीन बेदाण्यात असतात. त्यामुळं पावडर पोटात गेली आणि ताकद आली असं काही होत नाही, होऊच शकत नाही, त्यात ताकद द्यायला मालच नाही तेवढा. मग लोकांना तरतरी येते ती काय खोटी का? खोटी नाही, पण ती दुसरीकडनं येते.

एक म्हणजे कॅफिन. बाजारातल्या बऱ्याच "हर्बल एनर्जी" पावडरीत ग्वाराना, ग्रीन टी एक्स्ट्रॅक्ट, ग्रीन कॉफी असलं काहीतरी घातलेलं असतंय, आणि ह्या तिन्हीत कॅफिनच असतंय, जे आपल्या चहात असतंय तेच. पिल्यावर अर्ध्या तासात एकदम हुशारी वाटली, बोटं जरा थरथरली, आणि रात्री झोप लांबली तर समजायचं की हे काम पाल्याचं नाही. नुसत्या शेवग्यानं असं कधी होत नाही. कॅफिन वाईट असं मी म्हणत नाही, मी स्वतः चहाबाज आहे, पण मग दीड हजाराचा डबा कशाला, टपरीवरचा कटिंग काय वाईट.

दुसरं म्हणजे अंगात कशाची तरी कमी असेल आणि ती भरून आली तर थकवा जातो. हे खरं आहे, आणि शेवग्याच्या पाल्यात लोह, कॅल्शियम, प्रथिनं, अ जीवनसत्त्व हे सगळं चांगलं असतंय हेही खरं आहे. पण किती पावडर घेतोय ते बघायला नको का. वाळल्या पाल्याच्या १०० ग्रॅममध्ये साधारण २८ मिलीग्रॅम लोह सांगतात. तुम्ही घेणार सव्वा ग्रॅम. म्हणजे लोह आलं पाऊण मिलीग्रॅमच्याही निम्मं. बाईमाणसाला दिवसाला २९ मिलीग्रॅम लोह लागतं असं राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०२० चा तक्ता सांगतो, पुरुषाला १९. आता करा हिशोब. आणि पाल्यातलं लोह पूर्ण अंगी लागत नाही, त्यातला थोडाच भाग शोषला जातो, ते वेगळंच. त्यापेक्षा पन्नास ग्रॅम ओल्या पाल्याची मूगडाळ घालून भाजी केली, लसणाची फोडणी दिली, तर दोन मिलीग्रॅमच्या वर लोह येतं आणि जेवणही होतं.

ते "पालकापेक्षा पंचवीसपट लोह, संत्र्यापेक्षा सातपट सी" वाचलंय ना सगळ्यांनी? त्यात गंमत अशी आहे की तुलना वाळल्या पाल्याची ओल्या पालकाशी केलेली असते. पालकात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी. तुम्ही पालक पण वाळवा, मग १०० ग्रॅम वाळला पालक आणि १०० ग्रॅम वाळला शेवगा समोरासमोर ठेवा, लोहाचा आकडा जवळजवळ सारखाच निघतोय. आणि सी जीवनसत्त्वाचा जो आकडा सांगतात तो ताज्या ओल्या पाल्याचा असतोय, पाला वाळवला की सी बरंचसं उडून जातं, म्हणजे लोहाला वाळला पाला पकडायचा आणि सीला ओला पाला पकडायचा, जिथं जे सोयीचं ते.

तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं. डब्याबरोबर एक चार्ट देतात. सकाळी उठल्या उठल्या दोन ग्लास पाणी, चहा बंद, तळलेलं बंद, मैदा बंद, रात्रीचं जेवण आठच्या आत, रोज पाऊण तास चालणं, आणि हे सगळं करून वर एक चमचा पावडर. अहो, एवढं केल्यावर माणूस टवटवीत होणारच की, पावडर नाही घेतली तरी होणार! पण पंधरा दिवसांनी हलकं वाटायला लागलं की नाव होतंय डब्याचं, आणि डबा संपला की चार्टपण भिंतीवरनं उतरतोय, वडापाव परत चालू, मग "बघा बंद केलं की परत थकवा आला" म्हणून दुसरा डबा.

म्हणून पेय ट्राय करायचं असेल तर माझा एकच आग्रह आहे, एका वेळी एकच गोष्ट बदला. बाकी सगळं आहे तसं ठेवा, चहा तेवढाच, झोप तेवढीच, जेवण तेच, फक्त पेय वाढवा. कॅलेंडरवर, तेच भिंतीवरचं जिथं दुधाचा हिशोब लिहितो, रोज दुपारी चार वाजता कसं वाटलं त्याला दहापैकी मार्क लिहा. पेय चालू करायच्या आधी आठवडाभर लिहा, चालू केल्यावर तीन आठवडे लिहा, मग आठवडाभर बंद करून लिहा. चारची वेळ अशासाठी की सकाळी सगळ्यांनाच बरं वाटतंय, खरी परीक्षा दुपारच्या भातानंतर असते. हे कंटाळवाणं आहे, मान्य, पण शेजारच्या काकूंना काय वाटतंय ह्यापेक्षा तुम्हाला काय वाटतंय हे कळायचा ह्याच्यापेक्षा स्वस्त मार्ग नाही.

विकतचं घेणार असाल तर

डब्याच्या पुढच्या बाजूला काय लिहिलंय ते वाचूच नका, तिथं नुसती पानं आणि पळणारी बाई असती. डबा फिरवून मागं बघा. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा खात्याचा, चौदा आकडी नंबर पाहिजे. तो एकनं सुरू झाला तर लायसन्स, दोननं सुरू झाला तर छोट्या उत्पादकाचं रजिस्ट्रेशन, दोन्ही चालतंय, बचत गटांच्या पाकिटांवर बऱ्याचदा दोनवालाच असतो. फूड सेफ्टी कनेक्ट नावाचं सरकारी अ‍ॅप आहे त्यात नंबर टाकला की कोणाच्या नावावर आहे ते दिसतंय. आयुर्वेदिक औषध म्हणून विकत असतील तर मात्र त्याच्यावर आयुर्वेदिक औषधाचा उत्पादन परवाना नंबर असतो. दोन्हीपैकी काहीच नाही, नुसतं "१००% शुद्ध" लिहिलंय, तर तसंच ठेवून द्या.

मग घटक वाचा. जे वजनानं सगळ्यात जास्त ते पहिलं लिहायचं असा नियम आहे. पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पांढरी पिठी) किंवा साखर, आणि शेवगा कुठंतरी शेवटनं तिसरा, असं असेल तर तुम्ही गोड पिठी विकत घेताय. आणि चाळीस वनस्पतींची नावं असतील तर मला तरी धडकी भरते. लोक म्हणतात चाळीस म्हणजे किती भारी, पण एका चमच्यात चाळीस जण बसवल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला येणार किती, आणि त्यातलं एखादं बाधलं तर कुठलं बाधलं ते कोण शोधणार?

"शुगर मुळापासून बरी करतं" असं कोणी सांगत असेल तर तिथंच उठा. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे आणि जादूचे उपाय कायद्यानं बंदी आहे, आणि हेल्थ सप्लिमेंट म्हणून विकत असतील तर डब्यावर "औषधी वापरासाठी नाही" अशा अर्थाचं लिहावंच लागतं. बारीक अक्षरात असतंय, मोबाईलचा कॅमेरा झूम करून बघा. "हेल्थ ड्रिंक" ह्या शब्दालाही फार भुलायचं कारण नाही, अन्नसुरक्षा कायद्यात असा काही प्रकारच नाही, आणि एप्रिल २०२४ मध्ये एफएसएसएआयनं ऑनलाइन विकणाऱ्यांना सांगितलंय की माल्टवाली, धान्याची, दुधाची पेयं हेल्थ ड्रिंक किंवा एनर्जी ड्रिंकच्या खान्यात टाकू नका.

आणि एक, डबा घ्या म्हणता म्हणता "तुम्हीपण जॉईन व्हा ना, खाली चार माणसं जोडली की तुमचा डबा फुकट" ही गाडी सुरू झाली तर पेयाचा विषय संपला आणि धंद्याचा सुरू झाला असं समजायचं. थेट विक्रीसाठी २०२१ चे केंद्राचे नियम आहेत, त्यात नुसती माणसं जोडून पैसे मिळवायची पिरॅमिड योजना आणि सामील होण्याची फी दोन्ही बंद केलेलं आहे. पाव्हण्यारावळ्यात हे प्रकरण जास्त चालतंय त्यामुळं नाही म्हणणं अवघड जातं हे मला माहितीय. "दादा, आधी एक महिना घरचं पिऊन बघतो, मग सांगतो" हे उत्तर चांगलं चालतंय, कुणाला रागही येत नाही.

घरी पावडर करायची ती अशी

पाला घ्यायचा कोवळा पण अगदी शेंड्याचा नको, मधला हिरवागार. रस्त्याकडंच्या झाडाचा नको, सगळी धूळ आणि गाड्यांचा धूर बसलेला असतोय. शेंगांसाठी लावलेल्या शेतातला पाला मिळत असेल, जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडं शेवगा करणारे शेतकरी आहेत, तर फवारणी कधी मारली ते विचारून घ्या, शेंगेवर मारलेलं पाल्यावरपण बसतंय. सगळ्यात बरं घरचं किंवा ओळखीच्यांच्या परड्यातलं झाड. पावसाळ्यात खोडाकडं आधी नीट बघा बरं का, केसाळ सुरवंट खोडावर घोळक्यानं चिकटून बसलेले असतात, सालीच्या रंगाचे, पटकन दिसत नाहीत, आणि हात लागला की दिवसभर खाज.

फांद्या घरी आणल्या की बादलीभर पाण्यात मूठभर मीठ टाकून त्यात बुडवून घोळायच्या, परत साध्या पाण्यानं दोनदा, आणि दोरीवर उलट्या टांगून पाणी निथळू द्यायचं. आता बारीक बारीक पानं ओरबाडत बसलात तर अख्खी संध्याकाळ जाते आणि बोटं हिरवी होतात. आमच्या आत्याची युक्ती अशी, निथळलेल्या फांद्या जुन्या धोतराच्या नाहीतर सुती साडीच्या कापडात गुंडाळून रात्रभर कोपऱ्यात ठेवायच्या, सकाळी उचलून नुसतं झटकायचं, निम्म्याहून जास्त पानं आपोआप गळून पडतात, बाकीची हात फिरवला की येतात. काड्या तेवढ्या वेचून टाकायच्या, काड्या राहिल्या की पावडर दाताखाली येते. फक्त पाला ओला राहिलेला असताना गुंडाळू नका, आतनं तापतो आणि काळा पडतो.

वाळवायचा सावलीत. हे लई महत्त्वाचं. गच्चीवर कडक उन्हात टाकला तर एका दिवसात वाळतो खरा, पण रंग जातो, तपकिरी होतो, आणि अ जीवनसत्त्वपण उन्हानं जातं. खोलीत सुती कापडावर पातळ पसरायचा, वर पंखा, दिवसातनं दोनदा खालीवर करायचा. मार्च-एप्रिलमध्ये सांगलीत तीन दिवसांत करकरीत होतो. जुलै-ऑगस्टमध्ये ह्या भानगडीत पडू नका, आमच्याकडं हवा ओली आणि सातारा-महाबळेश्वरकडं तर विचारूच नका, पाला वाळण्याआधी बुरशी धरतो, आणि बुरशी धरलेला पाला परत उन्हात टाकून "चालतंय की" म्हणायचं नाही, सरळ खतात. मुठीत घेऊन चुरगळल्यावर आवाज येऊन चुरा झाला पाहिजे, वळला तर अजून एक दिवस.

मग मिक्सरला थांबून थांबून फिरवायचं कारण भांडं तापतं, आणि वस्त्रगाळ करायचं. चाळणीनं चाळलं तरी चालतंय पण पेयासाठी मलमलच्या कापडातनं गाळलेलं वेगळंच लागतं, तळाला रेती बसल्यासारखं होत नाही. किलोभर फांद्यांची पावडर काचेची एक छोटी बरणी भरेल एवढीच होते, बघून निराश होऊ नका, पाल्यात पाणीच जास्त असतंय. रंगीत काचेची बरणी असेल तर उत्तम, नाहीतर कपाटात अंधारात ठेवा, कोरडा चमचा घाला, आणि तीन-चार महिन्यांत संपवा. वास गवतासारखा ताजा आहे तोवर ठीक, जुनाट कुबट यायला लागला की टाका.

आता पेय

एका फुलपात्राला पाव छोटा चमचा पावडरनं सुरुवात. आठवड्यानं अर्धा चमचा. एक चमच्याच्या वर जायची काही गरज नाही, जास्त घेतली तर पोट ढिलं होतंय, गॅस होतो, आणि चवपण इतकी उग्र होती की दुसऱ्या दिवशी प्यायची इच्छा राहत नाही.

पावडर थेट ग्लासभर पाण्यात टाकली की वर गुठळ्या तरंगतात आणि कितीपण ढवळा फुटत नाहीत. आधी दोन चमचे कोमट पाण्यात पेस्ट करायची, मग बाकीचं पाणी. पाणी कोमटच, उकळतं नको, आणि पावडर घालून उकळायची तर अजिबात नको. वरनं अर्धं लिंबू पिळायचं. हे लिंबू चवीसाठी तर आहेच पण लिंबातल्या सी जीवनसत्त्वानं पाल्यातलं लोह जास्त शोषलं जातं, म्हणून लिंबाशिवाय पिण्यात अर्थ नाही. लिंबाऐवजी थंडीत आवळ्याचा रस घातला तर आणखी चांगलं. चिमूटभर सैंधव आणि जिरेपूड.

आता ह्यात खरी एनर्जी पाहिजे असेल, म्हणजे कॅलरीवाली, तर बेदाणे घाला. सांगलीत राहून बेदाणा नाही घालायचा तर काय घालायचं, २०१६ मध्ये सांगलीच्या बेदाण्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि तासगावचा माल सगळ्या देशात जातोय. दहा-पंधरा बेदाणे रात्री वाटीत भिजवा, सकाळी त्याच पाण्यासकट मिक्सरला फिरवा आणि पेयात मिसळा. भिजवण्याआधी मात्र दोन-तीनदा चोळून धुवा. द्राक्षं वाळवण्याआधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात म्हणजे साल लवकर वाळते, आणि तो पिवळाधमक चमकणारा माल असतो ना त्याला गंधकाची धुरी दिलेली असते. दम्याचा त्रास असेल त्यांना गंधकवाला बाधू शकतो. दिसायला काळपट, धुरी न दिलेला बेदाणा मागून घ्या, दुकानदार विचारतो कशाला पाहिजे म्हणून, पण देतो, आणि स्वस्तपण असतो. बेदाणा नको तर गूळ, तोही पांढराशुभ्र नको, गडद रंगाचा. शुगरवाल्यांनी बेदाणा आणि गूळ दोन्ही वगळा, नुसतं लिंबू-मीठ घालून प्या.

ताकात घालून पण मस्त लागतंय, खरं सांगायचं तर चवीला ताकातलंच मला जास्त आवडतं, आल्याचा कीस आणि हिंग टाकून, उन्हाळ्यात दुपारी. पण लोह हा उद्देश असेल तर ताक-दूध नको, कॅल्शियम आलं की लोह कमी शोषलं जातं. आणि पेयाच्या आधी-नंतर तासभर चहा नको, चहातलं टॅनिन लोहाला अडवतं. सकाळी उठल्या उठल्या चहा लागणाऱ्यांनी पेय अकराच्या सुमारास घ्यावं, दोघांची गाठ पडत नाही. अगदी रिकाम्या पोटी घेतल्यावर काहींना मळमळतं, तेव्हा पहिला आठवडा तरी नाष्ट्यानंतर.

हळदीचं कोणीतरी विचारणारच, कारण हळदीच्या गावात राहतोय आपण. चिमूटभर हळद आणि चिमूटभर मिरपूड घालू शकता, मिऱ्याशिवाय हळदीतलं कर्क्युमिन अंगाला फारसं लागत नाही. पण एनर्जीशी त्याचा काही संबंध नाही, चव आणि रंगासाठी घाला. आणि सुरुवातीच्या तीन आठवड्यांत घालूच नका, एका वेळी एकच म्हणालोय ना.

अश्वगंधा, गुळवेल ह्या गोष्टी मात्र पाल्याच्या रांगेत बसवू नका. शेवग्याचा पाला आपण भाजी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या खातोय, ते अन्न आहे. गुळवेल हे औषध आहे. कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचे काढे चालू होते तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी लिव्हरला त्रास झालेल्या सहा पेशंटची माहिती २०२१ मध्ये छापली होती, आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, वाद झाला, पण तेवढ्यावरनं एक कळतंय की वैद्याला न विचारता महिनोन्‌महिने काढा पीत बसायचं नाही. अश्वगंधानं थायरॉइडच्या गोळ्यांचं गणित बदलू शकतं आणि गरोदरपणात तर नकोच.

कोणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये ते सांगतो. रक्त पातळ करायची वॉरफरिनसारखी गोळी चालू असलेल्यांनी, कारण हिरव्या पाल्यात के जीवनसत्त्व भरपूर असतंय आणि ते त्या गोळीच्या उलटं काम करतं. शुगर आणि बीपीच्या गोळ्यावाल्यांनी, कारण आकडा जास्त खाली येऊ शकतो. किडनीचा त्रास, मुतखड्याचा इतिहास असलेल्यांनी. गरोदर बायकांनी पावडरच्या नादी न लागता भाजी खावी, तीही डॉक्टरांना सांगून, आणि शेवग्याची मुळी-साल असलेलं काहीही अजिबात नको. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेत असाल तर पेय आणि गोळी एकत्र नाही, पेय सरळ दुपारी ढकला.

तीन आठवडे झाले, कॅलेंडरवरचे मार्क बघितले आणि काही हललेलं नाही, तर चमचा वाढवायचा नाही आणि ब्रँडपण बदलायचा नाही. रक्त तपासायचं. सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी), टीएसएच (थायरॉइड), बी१२, ड जीवनसत्त्व आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), एवढं केलं की थकव्याची बरीचशी नेहमीची कारणं समोर येतात. सांगली-मिरजेत लॅबची कमी नाही, मिरजेला तर लोक कर्नाटकातनं येतात दवाखान्यासाठी आणि आपण इथं राहून पावडर खात बसतो. हिमोग्लोबिन बाईचं १२ च्या आणि पुरुषाचं १३ च्या खाली असेल तर तो अ‍ॅनिमिया. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या बायकांत शंभरात ५४ जणींना अ‍ॅनिमिया निघालाय. म्हणजे थकवा आला म्हणणाऱ्या घरातल्या बाईला "काम जास्त झालंय, मोरिंगा घे" सांगण्याआधी तिचं हिमोग्लोबिन बघणं जास्त शहाणपणाचं. आठ-नऊवर आलेलं हिमोग्लोबिन चमचाभर पाल्यानं वर येत नाही, त्याला डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्याच लागतात.

बी१२ चं तर वेगळंच. शेवग्यात बी१२ नाहीच, कुठल्याच पाल्यात नाही, ते दूध, अंडी, मांस-मासे ह्यातनंच येतं. आपल्याकडं जैन, लिंगायत, ब्राह्मण घरं भरपूर, पूर्ण शाकाहारी, आणि त्यात दूध-दहीपण कमी असेल तर बी१२ तळाला गेलेलं असतंय, हातापायाला मुंग्या, चालताना दम, विसरभोळेपणा, आणि हे सगळं वयाच्या नावावर खपतंय. तिथं हिरवं पेय कितीपण शुद्ध असलं तरी उपयोग नाही.

रिपोर्ट सगळे नॉर्मल आले आणि पेयानं थोडं बरं वाटतंय, मग खुशाल चालू ठेवा, पाणी तरी जादा पोटात जातंय आणि चारच्या चहाऐवजी हेच प्यालात तर त्यातली दोन चमचे साखर वाचतीय.

आणि चव नाहीच जमली तर बरणी फेकू नका. पीठ मळताना दोन भाकरीला अर्धा चमचा, धिरड्यात, थालीपिठात, डाळीला फोडणी दिल्यावर वरनं, शेंगदाण्याच्या चटणीत तर कळतपण नाही. फक्त हात आवरून घाला, भाकरी हिरवी दिसली की पोरं ताट सरकवतात.